नदीचे मूळ

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ऋषींच्या कुळाचे राहू द्या. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि हल्ली ऋषीही फारसे आढळत नाहीत. पण बिचाऱ्या नदीने काय केले आहे? म्हणीचा रूढ अर्थ असा सांगतात की, मोठ्या गोष्टीचा उगम शोधीत गेले तर तो अगदीच क्षुल्लक निघतो आणि मनातला आदर कमी होतो. तेव्हा न विचारलेलेच बरे. गेली वीस वर्षे मी ही म्हण वर्गात समजावून देत आलो आहे. परंतु गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस एका नदीचे मूळ प्रत्यक्ष पाहून आलो, तेव्हापासून मला अशी दाट शंका आहे की, चालण्याचा कंटाळा असलेल्या कोणा गृहस्थाने ती रचली असावी.

नदीचे मूळ अवश्य विचारावे. एवढेच नव्हे, तर सुटीच्या दिवशी शिदोरी बांधून, मुलाबाळांना बरोबर घेऊन, पायी चालत जाऊन ते पाहावे. आदर कमी होत नाही. काळजी मात्र वाढते. आणि ती वाढायला हवी, असे माझे मत झाले आहे.

मी सांगतो आहे ती नदी महाराष्ट्रात कोणाला अनोळखी नाही. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळण घेते म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. तिचे खरे नाव भीमा. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला तिच्यात मिसळते. पुण्याची मुळा-मुठा तिच्या थोडे पुढे येऊन मिळते. नीरा नरसिंहपूरला नीरा येते. म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जशा आषाढात पंढरीला जातात, तसे त्यांच्या गावचे पाणीही आपल्या वाटेने वारी करीत असते. पंढरपूर मागे टाकून भीमा पुढे कर्नाटकात शिरते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. तोवर तिचा ८६१ किलोमीटरांचा प्रवास झालेला असतो.

एवढ्या मोठ्या नदीचे मूळ म्हणजे पुणे जिल्ह्यातले भीमाशंकर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, त्यामुळे बहुतेक मराठी घरांतून कोणी ना कोणी तिथे जाऊन आलेले असते. पण मोटारीने जावे, रांगेत उभे राहावे, दर्शन घ्यावे, पेढे घ्यावेत आणि परतावे, या रीतीने देव भेटतो, नदी भेटत नाही. नदीला भेटायचे तर तिच्या काठाने उलटे चालत गेले पाहिजे. त्यासाठी एक जुनी, चांगली आणि बायकामुलांना झेपेल अशी वाट आहे. ती भोरगिरीहून निघते.

भोरगिरीची वाट

भोरगिरी हे खेड तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाचे गाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या राजगुरुनगरला, म्हणजे पूर्वीच्या खेडला, डावीकडे वळायचे. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव. पुढे चास आणि वाडा या गावांवरून रस्ता जातो. चासला भीमेवर धरण आहे. त्याच्या फुगवट्याचे पाणी बराच वेळ सोबतीला असते. मग डोंगर जवळ येऊ लागतात, भातखाचरे दिसू लागतात, आणि जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे भोरगिरी येते.

आम्ही पाच जण होतो. मी, सौ., आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि आमच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र. वनस्पतिशास्त्राच्या माणसाबरोबर रानात जाणे हा एक अनुभव असतो. तो दर दहा पावलांना थांबतो, खाली वाकतो, आणि आपण समोरचा डोंगर पाहत असताना तो पायाखालचे गवत पाहत असतो. शिदोरीला दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि थालीपिठे होती. ‘‘तिथे हॉटेले आहेत,’’ असे मी आदल्या रात्री सुचवून पाहिले. ‘‘अहो, हॉटेले घरी आल्यावरही असतातच,’’ असे उत्तर मिळाले. पुढे रानात, दगडावर बसून ते थालीपीठ खाताना या उत्तरातले शहाणपण मला पटले.

गावात भीमेच्या काठी कोटेश्वराचे देऊळ आहे. मागे भोरगिरीचा छोटा किल्ला आणि त्याच्या पोटात कोरलेली लेणी दिसतात. देवळाशीच आम्हांला वाटाड्या भेटला. साठी उलटलेले, सडपातळ, महादेव कोळी समाजाचे गृहस्थ. मुले त्यांना लगेच ‘आजोबा’ म्हणू लागली आणि मग आम्हीही तेच नाव चालवले. मी मास्तर आहे हे कळताच त्यांनी मला ‘गुरुजी’ केले.

सकाळी साडेसातला निघालो. सुरुवातीला खाचरांच्या बांधावरून वाट जाते. भात पोटरीला आले होते. बांधावर तेरड्याची गुलाबी फुले आणि उघड्या माळावर सोनकीची पिवळी फुले एवढी होती की, मुलीने पहिल्या अर्ध्या तासातच फोनवर छायाचित्रे काढून काढून त्याची अर्धी शक्ती संपवली. पुढे फोनला आवाजही पोचेनासा झाला. हा त्या वाटेचा मोठाच गुण म्हणावा लागेल.

पाण्याची नावे

पहिला ओढा ओलांडला आणि रान सुरू झाले. इथून पुढे दोन-अडीच तास पाणी आपली संगत सोडीत नाही. कधी ते दिसते, कधी नुसते ऐकू येते. भाषेच्या मास्तराला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. मी मुलांना विचारले, ‘‘याला काय म्हणायचे?’’ मुलगा म्हणाला, ‘‘नदी.’’ मुलगी म्हणाली, ‘‘नाला.’’ शहरात वाढलेल्या मुलांना नाला म्हणजे काय हे चांगले माहीत असते, आणि त्यामुळेच या निर्मळ पाण्याला तो शब्द लावलेला मला सोसेना.

वास्तविक आपल्या भाषेत लहान पाण्याला किती नावे आहेत! जमिनीतून नुसते पाझरते तो पाझर. वाहू लागला की झरा. पावसात डोंगरावरून उतरते ती धार ओहळ. ओहळ एकत्र आले की ओढा. कोकणात गेलात तर त्याचाच पऱ्ह्या होतो, आणि आणखी खाली दक्षिणेत व्हाळ होतो. ज्या लोकांनी ही नावे पाडली त्यांना पाण्याचे वय नुसत्या नजरेने ओळखता येत असले पाहिजे. आपल्याला दोनच नावे उरली आहेत : नळ आला आणि नळ गेला.

वाट चढू लागते तसे रान दाट होते. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, आंबा. बऱ्याच झाडांच्या फांद्यांवर शेवाळ्याचे हिरवे अस्तर होते आणि त्यावर नेचे उगवले होते. मित्राने एका ठिकाणी आम्हां सर्वांना खाली बसायला लावले आणि जमिनीवरचा पाचोळा हाताने बाजूला करायला सांगितला. वरचा थर सुकत आलेल्या पानांचा. त्याखाली अर्धवट कुजलेली काळी पाने. त्याखाली ओलसर, भुसभुशीत माती, आणि तिच्यात केसांसारख्या बारीक मुळ्यांची जाळी. मुलाने मूठभर माती उचलून दाबली, तर बोटांमधून पाणी आले. तीन दिवस तिथे पाऊस पडला नव्हता.

‘‘हा स्पंज,’’ मित्र म्हणाला. ‘‘पाऊस झाडाच्या माथ्यावर पडतो. तिथून पानांवर, फांद्यांवर, खोडावरून हळूहळू खाली. पाचोळा त्याला जमिनीवर धावू देत नाही. मुळ्यांच्या वाटेने तो आत मुरतो, खडकाच्या भेगांत साठतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी झऱ्यातून बाहेर येतो. झाडे नसली की हेच पाणी तासाभरात माती घेऊन खाली जाते. मग खाली पूर येतो आणि वर शिमग्यालाच हंडे कोरडे.’’

मराठीत ‘मूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. झाडाचे मूळ आणि उगम. हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात याचा मी आजवर व्याकरणाच्या अंगाने विचार केला होता. त्या ओल्या मातीत बोट घालून बसलो असता ते दोन्ही एकच आहेत हे दिसले. नदीचे मूळ म्हणजे झाडाचे मूळ, ही कोटी नव्हे. ते तिथले साधे वर्णन आहे.

मुलीने विचारले, ‘‘काका, मग इथली झाडे तोडली तर पंढरपूरला कळेल का?’’

‘‘कळेल,’’ मित्र म्हणाले. ‘‘पण उशिरा कळेल.’’

रानातले रहिवासी

हे रान राखीव आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. ते सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे असून पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. ते ज्याच्यासाठी प्रसिद्ध आहे त्या प्राण्याचे नाव शेकरू. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. शेकरू म्हणजे खार, पण नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत हातभराहून पुष्कळ लांब, पाठीवर तांबूस-तपकिरी आणि पोटाशी फिकट पिवळसर. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचा सगळा संसार झाडांच्या माथ्यावर चालतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर तो लांबच लांब उडी घेतो. एकाच शेकराची आसपास पाचसहा घरटीही असतात. हे ऐकून सौ. म्हणाल्या, ‘‘पुण्यात एक मिळत नाही!’’

आम्हांला शेकरू दिसला तो आजोबांमुळे. आम्ही वर पाहत मान दुखवून घेत होतो. ते नुसते थांबले, हात वर केला आणि ‘टक-टक-टक’ असा कर्कश आवाज आला तिकडे बोट दाखवले. जांभळीच्या उंच फांदीवरून तांबडे शेपूट खाली लोंबत होते. दोन मिनिटे त्याने आम्हांला न्याहाळले आणि मग एका झेपेत शेजारच्या झाडावर गेला.

मित्रांनी मुलांना एक गोष्ट समजावून सांगितली ती मोठ्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे. शेकराला झाडे हवीत एवढे पुरे नाही. झाडाला झाड लागलेले हवे. मधे एखादा रुंद रस्ता काढला की झाडे शिल्लक असूनही त्याचा रस्ता बंद होतो. आपल्या एका रस्त्याने त्याचे शंभर रस्ते तुटतात.

आजोबांचे या रानाशी असलेले नाते मात्र पुस्तकी नव्हते. त्यांचे घर भातावर चालते आणि रोख पैसा हिरड्यावर. या भागातल्या आदिवासी कुटुंबांना कोवळा हिरडा, म्हणजे बाळहिरडा, हा मोठा आधार आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडावर चढून तो काढायचा, अंगणात वाळवायचा आणि विकायचा.

‘‘झाड कुणी लावलं?’’ माझ्या मुलाने विचारले.

‘‘लावलं न्हाई कुणी, बाळा. राखलं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या आज्यानं ह्याच झाडाचा हिरडा काढला. फांदी तोडून काढला असता तर मला कुठला मिळता?’’

कारवीचे रान लागले तेव्हा त्यांनी काठीने ते बाजूला करून वाट दिली. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग सारा उतार जांभळा होतो. तिच्याच काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून या भागातल्या घरांच्या कुडाच्या भिंती होत आल्या आहेत. भर पावसाळ्यात रात्री या रानातल्या कुजक्या लाकडांवर हिरवट उजेड दिसतो, हेही त्यांनी सांगितले. मुलांना ही भुताची गोष्ट वाटली आणि ती मोठ्या आशेने पुढे सरसावली; पण मित्रांनी तो एका जातीच्या बुरशीचा प्रकाश असतो असे सांगून त्यांची निराशा केली.

एकेकाळी सह्याद्रीचा घाटमाथा अशाच रानांनी भरलेला होता. पुण्यामुंबईच्या शेगड्यांसाठी कोळसा पाडला गेला, इमारतींना लाकूड लागले, आणि बघता बघता डोंगर उघडे झाले. जिथे रान टिकले तिथे ते पुष्कळदा देवामुळे टिकले. देवाच्या नावाने राखलेल्या अशा देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात केला आणि जुन्या लोकांची ही श्रद्धा म्हणजे रान सांभाळण्याची एक चोख व्यवस्था होती हे दाखवून दिले. देवराईतली वाळकी काटकीही घरी नेऊ नये, असा पुष्कळ ठिकाणी दंडक असे. दंडक मोडला तर देव कोपतो, असे लोक मानीत. आता आपण देवाला भीत नाही. मग ते काम कोणाच्या भीतीने व्हावे, याचा विचार मात्र आपण अजून केलेला नाही.

गुप्त भीमाशंकर

चढ संपून सपाटी आली. वाट पुन्हा दाट झाडीत शिरली आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. हे गुप्त भीमाशंकर. वरच्या देवळाशी उगम पावणारी भीमा मधे जमिनीखाली गुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकट होते, अशी समजूत आहे. काळ्या कातळावरून पाण्याची धार खाली पडते आणि त्या पाण्यातच शिवलिंग आहे. वरती छप्पर नाही, गाभारा नाही. दोन्ही बाजूंनी झाडे वाकून आली आहेत आणि मधे धारेचा अखंड अभिषेक चालला आहे. कस्तूर पक्षी कुठेतरी शीळ घालीत होता. एखादा मुलगा शाळेला उशीर झाला तरी रमतगमत शीळ वाजवीत जावा तशी त्याची शीळ असते.

सौ.नी पाण्याला हात लावून नमस्कार केला. माझ्या सासूबाई वारकरी होत्या. चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांनी आयुष्यात पुष्कळ वाऱ्या केल्या. शेवटची दोन वर्षे जाणे जमले नाही, तेव्हा आलेल्या वारकऱ्याने तांब्यात आणलेले पाणी डोळ्यांना लावून त्या समाधान मानीत. तेच पाणी इथे घोटाभर होते. मुलाने ते एका उडीत ओलांडले, परत उडी मारली आणि म्हणाला, ‘‘आजी इतक्या वेळा नावेतून गेली ती हीच नदी?’’ हीच, असे सांगितल्यावर तो तिसऱ्यांदा उडी मारायचा थांबला.

म्हणीत सांगितलेली गोष्ट इथे घडायला हवी होती : उगम लहान निघाला, तेव्हा आदर कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. एवढ्याशा पाण्यावर एवढे मोठे ओझे आहे हे ध्यानात आले. इथे, भीमाशंकरच्या माथ्यावर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. खाली पंढरपूरकडे तो पाच-सहाशेवर येतो. म्हणजे पंढरपूरची नदी पंढरपूरच्या पावसावर वाहत नाही. ती अशा घाटमाथ्यांवरच्या पावसावर वाहते. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात अडतो तो प्रामुख्याने हाच, भीमेच्या आणि तिच्या बहिणींच्या उगमांकडचा पाऊस. सोलापूरचे नळ आणि त्या जिल्ह्यातला ऊस त्याच्या जिवावर आहेत.

आणि त्याच कातळाच्या कडेला, झाडाच्या मुळ्यांत अडकलेली, वेफर्सची चांदीच्या रंगाची पाकिटे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि निर्माल्याने भरलेली एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीची गाठ कोणी तरी भक्तिभावाने घट्ट मारली होती. मी व्याख्यान देण्याच्या बेतात होतो. तोवर मुलीने दशम्यांची पिशवी रिकामी करून त्यात बाटल्या भरायला सुरुवात केली होती. आजोबा पाण्यात उतरले आणि पिशवी काढून आणली. ‘‘श्रावणातल्या सोमवारी या म्हंजे बघाल,’’ एवढेच ते म्हणाले.

देऊळ आणि कडा

तिथून देऊळ सुमारे दीड-दोन किलोमीटर. वाटेत साक्षी विनायकाचे स्थान लागते. देवळाशी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. त्रिपुरासुराशी लढून थकलेल्या शंकराच्या अंगावरून जो घाम ओघळला त्याची भीमा झाली, अशी पुराणकथा आहे. देवाच्याही घामाची नदी होते, हे मला या कथेतले विशेष आवडते.

देऊळ काळ्या दगडाचे आहे. शिखराचे काम नाना फडणविसांनी करविले असे सांगतात. देवळाच्या आवारात एक मोठी घंटा आहे. ती मुळात चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ही घंटा इथे आली. वसई कुठे आणि हा घाटमाथा कुठे! वसईचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तासाभराने ते पुन्हा येणार आहे.

देवळापासून हनुमान तळ्याच्या बाजूने नागफणीची वाट जाते. आधी झाडी, मग खुरटी झुडपे, मग गवत, आणि शेवटी जमीनच संपते. कोकणातून पाहिले तर हा कडा फणा काढलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून नागफणी. इथल्या वाऱ्याला मुलांचे हात धरूनच उभे राहावे. पावसाळ्यात इथे बहुधा धुके असते आणि समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. आम्ही पोचलो तेव्हाही पडदा होता. आम्ही बसून राहिलो. मग वारा फिरला आणि पडदा फाटला.

खाली कोकण पसरलेले होते. जवळजवळ तीन हजार फूट खोल, टप्प्याटप्प्याने उतरत गेलेले. अगदी पायाखाली पदरगड. नैर्ऋत्येला शेंडीसारखा सुळका उंचावलेला कोथळीगड. उत्तरेच्या अंगाला सिद्धगड. दूर, पश्चिमेला, माथेरानची सपाट रांग. मधल्या सपाटीत भाताचे हिरवे तुकडे आणि त्यांतून चमकणारे ओहळ. खांडस गावाकडून गणेश घाटाने आणि शिडीच्या वाटेने लोक अजूनही हा डोंगर चढून येतात. त्या वाटा कड्याच्या अंगावर कुठे चिकटल्या आहेत हे आजोबांनी दाखवले तरी मला दिसले नाही.

नागफणीवर बसून जे कळते ते नकाशावर कळत नाही. तुम्ही ज्या धारेवर बसलेले असता तिच्या पुढे पडलेला पावसाचा थेंब कोकणात उतरतो, ओढ्यांतून उल्हास नदीला मिळतो आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. समुद्र इथून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तुमच्या मागे पडलेला थेंब मात्र पाठ फिरवतो. तो भीमेबरोबर पंढरपूरला जातो, कर्नाटक पाहतो, कृष्णेच्या हाताला धरून आंध्रात जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन थेंबांच्या मधे एका माणसाच्या बैठकीएवढे अंतर! वसईची घंटा वर आली, आणि इथले पाणी खाली वसईला जाते. देण्याघेण्याचा हिशेब असा चुकता झालेला आहे.

मुलांनी अर्थातच प्रयोग केला. पिण्याच्या पाण्यातले एक झाकणभर पाणी पुढे ओतले आणि एक मागे. ‘‘हे अरबी समुद्राला, हे पंढरपूरला.’’ दोन्ही पाणी त्या गवतात तत्काळ मुरले. माझ्या मित्रांना याचाच सर्वांत अधिक आनंद झाला. ‘‘मुरले पाहिजे!’’ ते म्हणाले. ‘‘ज्या दिवशी वाहून जाईल त्या दिवशी घाबरा.’’

घाबरण्याचे कारण

ते उगीच बोलत नव्हते. परतीची एस.टी. घोडेगाव-मंचरवरून जाते. वाटेत डिंभे धरणाचे पाणी लागते. याच आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४च्या सकाळी, दिवसचे दिवस चाललेल्या मुसळधार पावसात, मागच्या डोंगराचा उतार सुटला आणि काही क्षणांत गाव चिखलाखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. डोंगर का सुटतो याची कारणे एकच एक नसतात. पाऊस असतो, चढ असतो, खडक असतो, आणि त्या उतारावर माणसाने काय केले आहे तेही असते. पण माती धरून ठेवणाऱ्या मुळ्या नसतील तर पुष्कळ काही सुटू शकते, एवढे समजायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

आपण शहरातली माणसे नदीविषयी बोलतो ते पूल, पूर, धरण आणि सांडपाणी एवढ्यापुरते. म्हणजे तिचा मधला आणि शेवटचा भाग. ती जिथे लहान असते तिथे आपण भाविक म्हणून तरी जातो, नाहीतर सहलीला म्हणून तरी. दोन्ही वेळा आपल्या हातून तिथे काहीतरी राहून जाते, आणि ते बहुधा प्लास्टिकचे असते. ज्यांनी ते रान पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांच्या हिरड्याला भाव काय मिळतो, त्यांची मुले गावात राहतात की पुण्याला कारखान्यांतून कामाला जातात, याची विचारपूस आपण करीत नाही. आजोबांचे दोन्ही मुलगे चाकणला असतात. हिरड्याच्या झाडावर चढायला आता घरी कोणी नाही. राखणारा गेला तर राखलेले किती दिवस टिकेल?

म्हणून माझी वाचकांना सूचना अशी आहे. येत्या वर्षात एक रविवार या नदीसाठी ठेवावा. आश्विन ते पौष हा काळ बरा. भर पावसात ओढे फुगलेले असतात, आणि वनखाते अशा वाटा कधी कधी बंद ठेवते. निघण्यापूर्वी चौकशी करावी. चैत्र-वैशाखात इथला ओढा डबक्यांपुरता उरतो. भोरगिरीपासून देवळापर्यंत आठेक किलोमीटर आणि पुढे नागफणी. सहा-सात वर्षांच्या मुलालाही जमते, मात्र घाई करू नये. गावातला वाटाड्या अवश्य घ्यावा आणि त्याचे पैसे करताना हात आखडू नये. शिदोरी घरची न्यावी. नेलेली प्रत्येक पिशवी परत आणावी, आणि जमल्यास दुसऱ्याची एखादी जास्त. मुलांना पाचोळ्याखालची माती एकदा हातात घेऊ द्यावी. कपडे धुता येतात.

आणि पुढे कधी पंढरपूरला गेलात, चंद्रभागेत पाय बुडवून उभे राहिलात, तर पाणी थोडे असो की पुष्कळ, वरच्या त्या रानाची एकदा आठवण काढावी. विठोबाला काही मागायचेच असेल तर तेही मागावे. ऋषींचे कूळ विचारायचे की नाही ते तुम्ही ठरवा. नदीचे मूळ मात्र विचारलेच पाहिजे. ते अजून जिवंत आहे ना, एवढ्यासाठी तरी.